चेहरा खरंच मनाचा आरसा असतो का?



'चेहरा हा मनाचा आरसा आहे' हा सुविचार आपल्याकडच्या शाळांच्या फळ्यांवर किती वेळा लिहिला गेला असेल याची गणती नाही. वाक्य छोटं, शुद्धलेखनाची भीती नाही, आणि वाचणाऱ्याला पटकन पटणारं. पण आयुष्यभर इतिहास शिकवल्यावर मला वाटतं, की या सुविचारापुढे एक प्रश्नचिन्ह असायला हवं. का, ते आज जरा विस्ताराने लिहितो. लेख थोडा लांबेल, पण तुम्ही नेहमीचे वाचक आहात, सांभाळून घ्याल.

निमित्त आहे ते हल्लीच्या 'मिश्र माध्यमा'तल्या व्यक्तिचित्रांचं. आमच्या घरातली नवी पिढी अशी चित्रं मोबाइलवर पाठवत असते. एका बाईचा चेहरा, त्यावर अर्धवट चिकटवलेले वर्तमानपत्राचे कपटे, कुठे दोऱ्याचे टाके, एक डोळा नीट रंगवलेला आणि दुसऱ्याच्या जागी नुसता खरवडलेला रंग. खाली लिहिलेलं असतं की चित्राची प्रेरणा मानसशास्त्र आहे. घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, "पण हे दिसतं कुणासारखं?" प्रश्न भाबडा वाटला तरी चुकीचा नाही. व्यक्तिचित्र म्हणजे माणसासारखं दिसणारं चित्र, हीच आपली समजूत असते. ती कुठून आली आणि कशी बदलत गेली, हा मोठा गमतीचा आणि काही ठिकाणी अस्वस्थ करणारा इतिहास आहे.

सुरुवात घराजवळूनच करू. आमचं बुलढाणं अजिंठ्याच्याच डोंगररांगेवर वसलेलं. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस अजिंठ्याची लेणी पडली आणि ती जगाला पुन्हा माहीत झाली. तिथली भिंत म्हणजे खरं तर मिश्र माध्यमच आहे! कातळावर मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू, त्यावर पातळ पांढरा लेप, आणि मग गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवा दगड यांचे रंग. निळा रंग मात्र दूर देशातून आलेल्या मौल्यवान दगडाचा. चूल सारवायला लागते तीच माती आणि राजघराण्याला शोभेल असा निळा एकाच भिंतीवर नांदतात.

त्यातलं सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतलं. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. ही वाकाटकांची शाखा वत्सगुल्मची, म्हणजे आपल्या शेजारच्या वाशीमची. या लेण्यात 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणून प्रसिद्ध असलेलं चित्र आहे. अभ्यासकांनी नंतर दाखवून दिलं की ती नंदाची पत्नी सुंदरी असावी. नवरा भिक्षू झाल्याची खूण म्हणून सेवक त्याचा मुकुट घेऊन आला आहे आणि ते पाहून तिचं भान हरपलं आहे. आता चित्र नीट आठवून पाहा. मान कललेली, पापण्या मिटत आलेल्या, बोटं सैल पडलेली. मागून एक दासी तिला सावरते आहे, एक पंख्याने वारा घालते आहे, आजूबाजूच्या बायकांच्या चेहऱ्यांवर काळजी आहे. तिचं दुःख नुसतं तिच्या चेहऱ्यात शोधायला गेलात तर निम्मंच सापडेल. उरलेलं निम्मं तो मुकुट, तो पंखा आणि त्या सावरणाऱ्या हातात आहे. चित्रकाराला मन दाखवायचं होतं, म्हणून त्याने मनाभोवतालचं सगळं दाखवलं.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनाही हे कळत होतं. कामसूत्रावरच्या 'जयमंगला' या टीकेत यशोधराने चित्रकलेची सहा अंगं सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. यात 'सादृश्य' म्हणजे हुबेहूबपणा आणि 'भाव' ही दोन वेगळी अंगं धरली आहेत. म्हणजे चेहरा जुळला की भाव आपोआप आला, असं ते मानत नव्हते. माझ्या मते या एका भेदात पुढचा सगळा इतिहास सामावलेला आहे.

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याची कहाणी तर दुर्दैवाचीच. मेजर रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये या कामावर नेमणूक झाली. त्यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या मोठ्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या (स्थापना १८५७) जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन हे काम पुन्हा केलं. त्यातल्याही कित्येक नकला १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. या विद्यार्थ्यांमध्ये पेस्तनजी बोमनजी हे होते. हेच पुढे मुंबईतले नामांकित व्यक्तिचित्रकार झाले. लेण्यातल्या मातीवर डोळा तयार झालेला माणूस पुढे तैलरंगात पारशी घरांतली माणसं रंगवू लागला, हा दुवा मला फार आवडतो.

पण तोवर कॅमेरा आलेला होता. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. हुबेहूब चेहरा आता काही क्षणांत मिळू लागला. षडंगातलं 'सादृश्य' स्वस्त झालं म्हणा ना! आणि इथून पुढे गोष्ट अस्वस्थ करणारी होते.

चेहरा इतक्या सहज टिपता येतो म्हटल्यावर चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याचा मोह राज्यकर्त्यांना झाला. १८६८ ते १८७५ या काळात 'पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड निघाले. हिंदुस्थानातल्या जातीजमातींची छायाचित्रं आणि खाली त्यांच्या स्वभावाबद्दलची टिपणं. अमुक जमात विश्वासू, तमुक लबाड, अशा थाटाची. १८७६ मध्ये इटलीत लोंब्रोसो या डॉक्टरने पुस्तक लिहून सांगितलं की जन्मजात गुन्हेगार कवटीच्या आणि चेहऱ्याच्या ठेवणीवरून ओळखता येतो. त्या काळी हे शास्त्र समजलं जाई. आपल्याकडे तर १८७१ मध्येच गुन्हेगार जमाती कायदा झाला होता. सुरुवातीला तो उत्तरेकडे लागू झाला, पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली. महाराष्ट्रातल्या पारध्यांसह कित्येक समाज त्यात सापडले. मूल जन्मलं की गुन्हेगार! त्याने काही केलंय की नाही हे पाहायचीही गरज नाही. पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही.

याच सुमाराला इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन याने एक विलक्षण प्रयोग केला. साल १८७८. त्याने तुरुंगातल्या गुन्हेगारांचे फोटो घेतले आणि एकाच काचेवर ते एकावर एक उमटवले. कल्पना अशी की प्रत्येकाचं वेगळेपण पुसलं जाईल आणि सगळ्यांत समान असलेला 'गुन्हेगारी चेहरा' तेवढा उरेल. मानसशास्त्राच्या प्रेरणेने तयार केलेलं हे जगातलं एक आरंभीचं संमिश्र व्यक्तिचित्रच म्हणायला हवं. निघालं काय? एकत्र झालेला चेहरा मूळच्या प्रत्येक चेहऱ्यापेक्षा सौम्य आणि देखणा दिसू लागला! खलपणा कुठल्याकुठे गेला आणि एक साधा माणूस समोर आला. गाल्टननेही हे प्रामाणिकपणे नोंदवलं. प्रयोगाचं उत्तर इतकं स्पष्ट असूनही चेहऱ्यावरून माणसं वर्गवारीत टाकण्याचा हव्यास मात्र थांबला नाही, खुद्द गाल्टनचाही नाही.

आपल्याकडचा तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टला या जमाती 'विमुक्त' झाल्या. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यानंतर पाच वर्षांनी. कागदावरचा शिक्का पुसला, नजरेतला पुसायला फार वेळ लागला, आणि पूर्ण पुसला गेला असं म्हणायचं धाडस मला होत नाही. चोरी झाली की संशयाची सुई आधी कुठल्या पालाकडे वळते हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ मध्ये आलं तेव्हा बाहेरून 'वाचल्या' गेलेल्या माणसाने आतून स्वतःचं चित्र काढलं. त्या अर्थाने ते व्यक्तिचित्रच आहे, फक्त शब्दांतलं.

आता उलट बाजूचं उदाहरण घेऊ. शिवाजी महाराजांचं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचं अस्सल चित्र लोकांपुढे आणलं. त्याआधी एका भलत्याच सरदाराचं, इब्राहीमखानाचं, चित्र महाराजांचं म्हणून प्रचलित होतं. विचार करा, त्या चित्रासमोर लोकांनी किती भक्तिभावाने हात जोडले असतील, त्या डोळ्यांत त्यांना तेज आणि त्या मुद्रेत निर्धार दिसला असेल. तो निर्धार कागदावर नव्हता, पाहणाऱ्याच्या मनात होता. आणि आपल्या जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाच्या जिजाऊ? आपण पाहतो ती त्यांची चित्रं नंतरच्या चित्रकारांच्या कल्पनेतली. तरीही १२ जानेवारीला तिथे जमणाऱ्या प्रत्येकाच्या मनात जिजाऊंचा चेहरा स्पष्ट असतो. म्हणजे चेहरा चित्रात जेवढा असतो तेवढाच, कदाचित जास्तच, बघणाऱ्याच्या मनात असतो.

मानसशास्त्राला हे विसाव्या शतकात उमगलं. हरमान रोरशाक या स्विस डॉक्टरने १९२१ मध्ये शाईच्या डागांची दहा कार्डं प्रसिद्ध केली. त्याचे वडील चित्रकलेचे शिक्षक होते आणि शाईच्या डागांच्या नादापायी शाळेत त्याला सोबती 'डाग' म्हणूनच चिडवत. डागात काहीच नसतं. पाहणारा त्यात काय पाहतो, त्यावरून त्याच्या मनाचा माग काढायचा. त्याच सुमारास रशियात कुलेशॉव्ह नावाच्या चित्रपट दिग्दर्शकाने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला. एकदा त्याला सूपच्या वाडग्याशेजारी जोडलं, एकदा शवपेटीशेजारी, एकदा सुंदर स्त्रीशेजारी. प्रेक्षक म्हणाले, काय अभिनय आहे! भूक, दुःख, आसक्ती, सगळं चेहऱ्यावर दिसतंय! चेहरा मात्र तोच होता.

गंमत म्हणजे खुद्द फ्रॉइडही यातून सुटला नाही. कलकत्त्याच्या डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, भेट मात्र कधीच झाली नाही. फ्रॉइड कसा दिसत असेल या कल्पनेने चित्रकार जतींद्रकुमार सेन यांनी न बघताच त्याचं चित्र काढलं आणि बोसांनी ते व्हिएन्नाला धाडलं. फ्रॉइडने एका मैत्रिणीला मिस्कीलपणे कळवलं की या चित्रात मी अगदी इंग्रज दिसतो! गुलाम देशातल्या माणसाने मोठ्या साहेबाची कल्पना केली की तो इंग्रजच दिसणार. चित्र फ्रॉइडचं, पण मन उघडं पडलं ते आपल्या काळाचं.

या सगळ्या पार्श्वभूमीवर आता आजच्या चित्रांकडे वळू. त्यासाठी आपल्याच मातीतले दोन चित्रकार पुरेसे आहेत.

पहिले फ्रान्सिस न्यूटन सूझा. गोव्यातल्या साळगावात १९२४ मध्ये जन्म, जन्मानंतर काही महिन्यांतच वडील गेले, लहानपणी देवी निघाल्या. आई शिवणकाम करून घर चालवी. जे. जे. मधून काढून टाकलं गेलं, १९४७ मध्ये सोबत्यांसह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, १९४९ मध्ये लंडन गाठलं. सूझांची 'मस्तकं' पाहून पहिल्यांदा दचकायला होतं. डोळे कपाळावर, दात बाहेर, गालांवर जखमेच्या टाक्यांसारख्या रेघा. पुढे १९६० च्या दशकापासून त्यांनी एक वेगळंच तंत्र वापरलं. छापील मासिकाच्या गुळगुळीत पानावर रसायन लावायचं, छापलेली शाई विरघळू द्यायची आणि त्यातच नवे चेहरे काढायचे. जाहिरातीतला हसरा, धुतलेला चेहरा विरघळतो आणि खालून दुसराच कुणीतरी वर येतो. मिश्र माध्यमाचा अर्थ इथे लख्ख कळतो. कपटे आणि रसायनं ही नुसती नटवेगिरी नसते. वरचा चेहरा खरवडल्याशिवाय खालचा दिसत नाही, एवढंच त्यांना सांगायचं असावं.

दुसरे मकबूल फिदा हुसेन. जन्म १९१५ चा, आणि कुठला तर आपल्या पंढरपूरचा. दीड-दोन वर्षांचे असताना आई गेली. तिचा एकही फोटो नव्हता. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरणाऱ्या या माणसाने हजारो चेहरे रंगवले, पण आईचा चेहरा मात्र त्यांना कधीच आठवला नाही. १९८० च्या सुमारास त्यांनी मदर तेरेसांवर चित्रमालिका सुरू केली. पांढरी, निळ्या काठांची साडी, मांडीवर मूल, आणि पदराच्या आत... काहीच नाही. चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार. त्यांच्या इतर काही चित्रांवरून मोठे वाद झाले, २००६ मध्ये त्यांनी देश सोडला आणि २०११ मध्ये लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. त्या वादांबद्दल ज्याचं त्याचं मत ज्याच्या त्याच्यापाशी. पण या मालिकेपुढे मी तरी गप्प होतो. जगभर ज्यांचा चेहरा माहीत होता त्या बाईंना त्यांनी बिनचेहऱ्याचं रंगवलं, आणि तरी आईपण सगळं दिसतं. अजिंठ्याच्या सुंदरीचं दुःख जसं भोवतालच्या हातांत होतं, तसंच इथलं आईपण साडीच्या घडीत आणि मांडीवरच्या मुलात आहे. सादृश्य शून्य, भाव पूर्ण!

हे फार मोठ्या लोकांचं झालं. आपल्या घरांतही मिश्र माध्यमातली व्यक्तिचित्रं आहेत, आपण त्यांना तसं म्हणत नाही एवढंच. माणूस गेला की त्याचा एखाद्या लग्नातल्या समूहातला फोटो शोधायचा, तो फोटोवाल्याकडे देऊन मोठा करून घ्यायचा, मग त्यावर हाताने रंग चढवायचा. डोक्याला कुणा दुसऱ्याचा फेटा, अंगात कधीही न घातलेला कोट, मागे पडदा. बाई असेल तर कपाळाचं कुंकू आणि गळ्यातली पोत रंगाने उठावदार करायची. काही ठिकाणी तर गेल्यानंतर काढलेल्या फोटोत मिटलेले डोळे रंगाने उघडे करून घेत. यात खरं किती आणि खोटं किती? हुबेहूबपणाच्या दृष्टीने खोटंच जास्त. पण मागे राहिलेल्यांच्या मनात तो माणूस ज्या मानाने राहावा असं त्यांना वाटत होतं, तो मान खरा. माझ्या आजीचा मात्र असाही फोटो नाही. तिच्याबद्दल विचारलं की घरातले जुने लोक तिचं नाक-डोळे सांगत नसत. "पहाटे जात्यावर बसली की अर्धी गल्ली जागी व्हायची" असं सांगत. मला तेवढ्यावरून ती दिसते.

हा सगळा जुना काळ झाला असं समजू नका. आज संगणकाला चेहरा दाखवून माणूस रागात आहे की आनंदात, हे ओळखण्याचा दावा करणाऱ्या यंत्रणा विकल्या जातात. वर्गात मुलांचं लक्ष आहे की नाही हे चेहऱ्यावरून टिपण्याचेही प्रयोग झाले आहेत. २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी आजवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेऊन दाखवून दिलं की नुसत्या चेहऱ्याच्या हालचालींवरून माणसाची भावना खात्रीने सांगता येत नाही. कपाळाला आठी पडलेलं पोर रागावलेलं असेल, गणितात गुंतलेलं असेल, किंवा त्याला फळाच दिसत नसेल. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात शाळा आणि कामाच्या ठिकाणी अशा भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर, आरोग्य आणि सुरक्षेचे अपवाद ठेवून, बंदी घातली. लोंब्रोसोचं भूत नव्या कपड्यांत आलं तर ओळखता यायला हवं, ते इतिहास शिकल्यावरच ओळखता येतं.

म्हणून मला आता त्या कपटे-दोऱ्यांच्या चित्रांचा राग येत नाही. सगळीच चांगली असतात असं मुळीच नाही. पुष्कळ नुसती फॅशन असते, खाली 'मानसशास्त्र' लिहिलं की झालं. पण चांगलं चित्र एक गोष्ट नम्रपणे कबूल करतं : या माणसाच्या मनात काय आहे ते मला पूर्ण कळलेलं नाही. म्हणून तो खरवडलेला भाग, म्हणून तो रिकामा डोळा. ज्यांनी ज्यांनी 'आम्ही चेहऱ्यावरून मन वाचतो' असं ठामपणे म्हटलं, त्यांच्या हातून माणसांचं नुकसान झालं. आणि ज्यांनी चेहऱ्यात थोडी जागा मोकळी सोडली, त्यांच्या चित्रात माणूस टिकला. एवढाच या दीड हजार वर्षांच्या गोष्टीचा माझ्यापुरता अर्थ.

जाता जाता नातेवाईक मंडळींना आणि वाचकमित्रांना एक विनंती. घरात जुने, रंगवलेले, काच तडकलेले फोटो असतील तर ते माळ्यावरून खाली काढा. मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव आणि गाव लिहा. नंतर त्या माणसाबद्दल घरातल्या सगळ्यात वयस्कर व्यक्तीला विचारा आणि एखादी सवय, एखादं बोलणं, एखादं काम, जे मिळेल ते त्याखाली दोन ओळींत टिपून ठेवा. नुसता चेहरा पुढच्या पिढीला काही सांगणार नाही. त्या दोन ओळी सांगतील. कुणी लिहिल्या तर मलाही जरूर कळवा, वाचायला आवडेल.